लार्चवरचा लाल पट्टा

आमचे मामा वनरक्षक. कापायच्या झाडाच्या बुंध्यावर लाल पट्टा मारायचा, हे त्यांचं काम. जन्मभर कुठल्या झाडाला बांडगूळ किती लागतं हेच बघत फिरल्यामुळे घरच्या माणसांकडेही ते त्याच नजरेनं बघत. फर, पाइन, लार्च ही आमच्या डोंगरावरची सुईसारख्या पानांची झाडं. फर म्हणजे मामी. बांडगुळाला सहसा दारात उभं करत नाही. पाइन म्हणजे मी, कधीमधी फसणारा. आणि लार्च? बांडगूळ सगळ्यात जास्त लागतं ते लार्चला. "ते तुम्ही," मामी मामांना म्हणायची. "आला कोणी की दिली जागा." हे ती मामांच्या धाकट्या भावाला ताट वाढताना, त्याच्यादेखत म्हणायची. तो हसून आणखी भात मागायचा.

अंगणाच्या टोकाला एक लार्च होतं. मामांच्या लेकीनं शाळेत असताना लावलेलं. लेक पुढे तापानं गेली. झाड वाढलं आणि त्याला बांडगूळ लागलं. फांद्यांवर केरसुणीसारखे झुबके आले. दुसऱ्या कुणाच्या अंगणात असतं, तर मामांनी चहा घ्यायच्या आधी पट्टा मारला असता. इथं त्यांना झुबके दिसेचनात. चष्मा बदलून झाला, तरी दिसेनात.

त्यावर कडी म्हणजे, झाड एकटं पडू नये म्हणून त्यांनी त्याच्याच बियांची रोपं त्याच्याभोवती लावली. बांडगुळाचं बी पिचकारीसारखं उडतं, आजारी लार्चखाली लार्च लावायचं नाही, फर लावा, असं डोंगरभर लोकांना बजावत फिरणारा हा माणूस!

काही वर्षांनी रोपांच्या फांद्यांवरही बांडगुळाच्या गाठी आल्या. मामीनं त्या बोटांनी चाचपून पाहिल्या. मोठं झाड राहिलं, तर हळूहळू सगळीच रोपं जाणार होती. मामा त्या दिवसापासून अंगणात जाईनात.

एका सकाळी मामीनं खोपटातून रंगाचा डबा काढला आणि लेकीच्या लार्चला स्वतःच पट्टा मारायला घेतला. पट्टा खाली उतरत चालला होता. मामा दारातून बघत होते. मग चपला न घालताच आले.

"असा नसतो मारत," ते म्हणाले. "छातीइतका उंच, सरळ."

"तिच्या मुलांसाठी, अहो," मामी रोपांकडे बघत म्हणाली.

मामांनी कुंचला घेतला. मामीनं डबा धरला. बुंध्याला वळसा घालून पट्ट्याची दोन टोकं जुळली, तरी मामांनी कुंचला बराच वेळ उचललाच नाही.