आमच्या साडूचं यान

आभाळाकडं बघून जमिनीवरची कामं करणारा आमच्या साडूएवढा माणूस सबंध सोलापूर जिल्ह्यात दुसरा नाही. असला तर घेऊन या, आठ दिवस त्याला मी जेवायला घालतो. पण सापडायचा नाही. माझी शाळा चौथीतच सुटली, तरी माणसं मी ओळखतो. साडूचा सगळा जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला आणि मोबाइलवर रॉकेट बघायचा नाद लागला. कुठल्याही देशाचं रॉकेट उडायचं असलं की हा आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून बसणार. बातम्यांत 'पहिला टप्पा वेगळा झाला' असं म्हणाले की मांडीवर थाप मारून सांगणार, "बघा साडूभाऊ! त्येचं तिकीट हितवरचंच हुतं. उतरिवला!" एसटीचं भाडं टप्प्यावर, रॉकेटही टप्प्यावर, त्यामुळं सगळं विज्ञान आपल्याच खात्यातलं आहे अशी त्याची समजूत झाली.

बरं, नुसतं बघून गप्प बसेल तर तो साडू कसला! जे रॉकेटाला लागू, ते माणसाला लागू. "वर जायचं तर वजन कमी करावं लागतंय," म्हणून त्यानं तंबाखू टाकली, आणि "आता ह्या वयात कशाला?" म्हणणारे कट्ट्यावरचे दोन दोस्तही टाकले. हवा बरी नसली तर उड्डाण पुढं ढकलतात, त्यात लाज नसते, हे तर त्याला फारच पटलं. एकदा पाहुण्यांच्यात बारशाला निघाला आणि ढग बघून जिन्यातनं परत फिरला. मेहुणी म्हणाली, "अवो, बारसं हाय, चंद्र न्हाय!"

पण ह्या सगळ्या खुळापाठी एक गोष्ट होती. मेहुणीचे गुडघे गेले. एसटीची पायरी चढवेना, आणि टेंभुर्णीच्या पुढं, उजनीच्या पाण्याकाठी आमच्या गावाला तिचं येणं बंद झालं. आमची मंडळी थोरली, ही धाकटी. दोघी फोनवर बोलायच्या, आणि फोन ठेवला की आमची मंडळी उगाच चुलीकडं तोंड करून बसायची. मी साडूला म्हणालो, "भाड्याची गाडी करा आन् आणून सोडा की." तर म्हणतो कसा, "साडूभाऊ, सगळा जिल्हा मी पोचिवला, हिला मातर कवा न्हाय पोचिवली. मी आपला ड्युटीवर, आन् ही पिशवी घिऊन एकटी. आता माज्या हातानंच आननार." आणि ह्या माणसाला सायकलसुद्धा येत नव्हती! मी पोट धरून हसलो. म्हणालो, "मानूस मंगळावर जाईल, पर तुमी टेंभुर्णीला याचं न्हाय."

त्यानं एक जुनी चारचाकी घेतली. शिकवणारा म्हणाला, बसा. तर हा सवयीनं मागच्या दाराशी जाऊन बसला. पुढं बसवलं तर गाडी हलवेना, कारण डबल बेल कोण देणार? शेवटी किल्लीनं काचेवर दोनदा टकटक करायचा आणि मगच गिअर टाकायचा. रॉकेटात पहिल्यांदा माणूस बसवत नाहीत, म्हणून बायकोच्या जागेवर ज्वारीचं पोतं ठेवलं, त्याला पट्टा बांधला. पोतं तिच्याच वजनाचं पाहिजे म्हणून दुकानात तोलून आणलं, तर मेहुणी भडकली, "मी एवडी हाय व्हय?" मग त्यातली पायलीभर ज्वारी काढावी लागली. "चाचनी बिघाडली हिनं," असं साडू अजून म्हणतो. पोत्याला घेऊन आधी बाळेपर्यंत, मग मोहोळपर्यंत. मोहोळच्या पुढं गाडी रस्ता सोडून उसात शिरली. मी फोनवर म्हणालो, "झालं समाधान?" तर हा उलट मलाच शिकवतो, "फसलं म्हनू नका. कुटं फसतंय ते कळलं. आन् पोतं शाबूत हाय!" दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन पुन्हा रस्त्यावर.

एका सकाळी मी केळीला पाणी सोडून येत होतो. समोरनं एक गाडी बैलाच्या चालीनं आली. तिच्यामागं एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवून वाजवून दमलेला. साडू घामानं निथळत होता, स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलेलं. शेजारी पोतं नव्हतं, मेहुणी होती, डोळे गच्च मिटून. "आलं का वो?" तिनं तसंच विचारलं. साडू म्हणाला, "उगड डोळं. आक्काचं घर हाय."

आमची मंडळी पिठाच्या हातानंच धावली. मेहुणी तिच्या खांद्यावर हात टाकून उतरली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "काय दाजी, टेंभुर्णीला येत न्हाईत म्हनला हुता न्हवं?"

"टेंभुर्णीला कुटं आलं? फुडं आलं की," मी म्हणालो. मी असा हरत नसतो.

दोघी आत गेल्या. आम्ही दोघं बाहेर बाजेवर टेकलो. मी विचारलं, "आता फुडं काय? चंद्र?"

"न्हाय," तो हळू म्हणाला. "यान उतरलं की आदी इंजिन बंद करत्यात. मग नुसतं ऐकत बसत्यात."

मग आम्हीही बसलो. आतनं हसायचा आवाज येत होता. लग्नाला उभी हयात झाली, पण दोघी बहिणींचं हसणं एकसारखं आहे हे मला त्या दिवशी कळलं. मधेच एकीचं हसणं थांबायचं, दुसरीचं एकटीचं चालू राहायचं. थांबली ती कुठली आणि हसत राहिली ती कुठली, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. आणि उठून बघावं, असंही दोघांना वाटलं नाही.