भैरवी सोडून पार्किंगकडे

दिल्लीकर मंडळी, आत्ताच मैफलीहून आर. के. पुरमला घरी आलेय आणि डोकं फिरलंय.

आज ज्यांचं गाणं होतं, त्या थोर गायकांचा आमचा नवरा भक्त. मुलीला रोज ऐकवतो, "तंबोरे जुळल्याशिवाय ते तोंड उघडत नाहीत. संयम शिक जरा!"

आज त्यांनी भैरवी सुरू केली, मुलगी डोळे मिटून ऐकतेय, आणि हा म्हणतो, "चलो, नंतर पार्किंगमध्ये अडकू." उठवलंच आम्हाला!

बाहेर निम्मे श्रोते आधीच गाड्यांत. कोणाचीच गाडी हलेना. आतून भैरवी ऐकू येतेय आणि हा हॉर्न वाजवतोय!

मुलगी म्हणाली, "आई, ते अजून गातायत." आम्ही दोघी सरळ उतरलो.

भैरवी पूर्ण ऐकून परत आलो, तर गाडी तिथेच. हॉर्नही चालूच.

आता सांगा, संयम नक्की कोणी शिकायचा?