मायाची पांढरी पूड

मायाचं गाव मूर्तिजापूरजवळ, खारपाण पट्ट्यात. बोअरच्या खारट पाण्यानंच किडन्या जातात, असं गावातली माणसं म्हणतात. तिची आई दुर्गाबाई आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अकोल्याला जायची.

अमरावतीला आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत पीएचडी करायचो. मायानं विषय आईमुळेच घेतला होता, झिर्कोनियम फॉस्फेट. पांढरी पूड, पण आतून कागदाच्या गठ्ठ्यासारखी थरांची. रक्तातून निघालेली घाण या थरांत अडकते, म्हणून काही डायलिसिस यंत्रांत ती वापरतात. किती तापवल्यावर थरांमधलं पाणी उडतं आणि कुठे पूड निकामी होते, हे माया शोधत होती.

एकदा तिनं पुडीची बाटली घरी नेली.

"मंग हे माह्यासाठी कावून नाही वापरत?" दुर्गाबाईनं विचारलं.

"त्याले लय वर्षं लागतात, आई."

"लागू दे. मी कुठी चालली?"

एप्रिलमध्ये मायानं पुडीचा नवा घाणा लावला. आम्लात चार दिवस सलग उकळायचा होता. मध्येच थांबवला तर स्फटिक नीट बनत नाहीत. याआधीचे तीन घाणे वीज गेल्यानं वाया गेले होते. चौथ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ सुगतचा फोन आला, "आईले धाप लागून राहिली. तू ये."

मी म्हटलं, "तू जा, मी पाहते."

"सहाच तास राहिले," माया म्हणाली. "धाप तिले मागंही लागली होती."

मीही पुढं काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

दुपारी तिनं पूड गाळून माझ्या हाती दिली आणि गाडी पकडली. मूर्तिजापूर यायच्या आतच सुगतचा दुसरा फोन आला. दुर्गाबाई गेली होती.

महिन्याभरानं त्या पुडीच्या तपासणीचे आलेख आले. इतके सरळ, नीट थर आमच्याकडे कुणाचेच निघाले नव्हते. आमचे गाइड सर खूश झाले. मायानं कागद पाहिलाही नाही. त्यानंतर ती प्रयोगशाळेत आलीच नाही.

आता ती चांदूर रेल्वेला तासिकेवर शिकवते. प्रबंध अर्धाच पडून आहे. गेल्या आठवड्यात सुगतच्या रक्ताचा रिपोर्ट आला. त्याचंही क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडन्या थकायला लागल्यात. हे सांगायला तिनं मला फोन केला. मी म्हटलं, "तू आजच घरी जा."