एकोणसत्तर एकोणऐंशी

भोंग्याचं खरं नाव पालिकेच्या हजेरीपत्रकाला तेवढं ठाऊक होतं. बायको त्याला 'अहो' म्हणायची आणि उरलेलं गाव 'भोंगा'. चौदा वर्षं तो वाहतूक विभागाच्या टोइंगच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून, हातात माईक धरून, चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांचे नंबर पुकारत होता. नियमावलीचं सातवं कलम सांगायचं, की कोणतीही गाडी उचलण्याआधी तिचा क्रमांक ध्वनिक्षेपकावरून तीन वेळा पुकारावा. मालक आला तर गाडी सोडावी, नाही आला तर उचलावी. दोन पुकारांमध्ये किती वेळ थांबायचं, हे मात्र कलम लिहिणारा विसरला होता. त्या विसरभोळ्या माणसाच्या कृपेवर भोंग्याची सगळी माणुसकी उभी होती.

पहिला पुकार झाला की तो डोळे मिटायचा आणि मनातल्या मनात एक मजला उतरायचा. घाईघाईत नाही, वळणावर कठडा धरून. मग दुसरा पुकार, आणखी एक मजला. मग तिसरा पुकार, तिसरा मजला. एवढं झालं की तो उचलणाऱ्या दोघांना हाताने खूण करायचा. "तिसऱ्या मजल्याच्या वर जे राहतात त्यांचं देव बघेल," असं तो म्हणायचा. तेवढ्या वेळात माणसं धावत यायची. कुणाच्या अर्ध्या गालाला साबण, कुणाच्या हातात तसाच चमचा, कुणाच्या एकाच पायात चप्पल. पुष्कळदा ती भोंग्यालाच शिव्या घालायची. तो खुशाल ऐकून घ्यायचा. ड्रायव्हर मात्र दात-ओठ खायचा, कारण रिकाम्या हाताने परतलं की वरून बोलणी त्याला बसत.

आणि नंबर पुकारायचा तो जोडीने. चार, एक, दोन, चार असं नाही, तर एक्केचाळीस चोवीस. त्याचं म्हणणं असं, की माणूस आपला नंबर आकड्यांनी लक्षात ठेवतच नाही, जोडीने ठेवतो. झोपेतल्या माणसाच्या कानाशी त्याचा नंबर जोडीने म्हणा, तो ताडकन उठून बसेल.

हे त्याला घरी कळलं होतं. बायकोचा डावा पाय लहानपणीच गेला होता. म्हणजे पाय होता, पण त्यात जीव नव्हता. तिच्याकडे मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जास्तीची चाकं बसवलेली एक जुनी स्कूटर होती. त्या स्कूटरवर ती रोज गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका शिवणाच्या कारखान्यात काजं-बटणं करायला जायची. बसची पायरी तिला चढता येत नव्हती. कुणी आपल्याला उचलून बसवलेलं तिला खपत नव्हतं. स्कूटर होती म्हणून ती माणसासारखी चार लोकांत वावरत होती, हाताला काम होतं, कामावर मैत्रिणी होत्या. स्कूटर गेली की उरल्या चार भिंती, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. त्यामुळे ते कधी बोलून दाखवत नसत.

स्कूटरचा नंबर होता सहा हजार नऊशे एकोणऐंशी. एकोणसत्तर एकोणऐंशी. भल्याभल्यांची बोबडी वळवणारा नंबर. शोरूममधला माणूसच पहिल्या दिवशी अडखळला होता, तेव्हापासून तो घरातला विनोदच झाला. संध्याकाळी भोंगा बोळाच्या तोंडाशी आला, की माईक नसतानाही माईकवाल्या आवाजात पुकारायचा, "एकोणसत्तर एकोणऐंशी!" आणि आतून बायको ओरडायची, "उचला!" शेजारपाजारच्यांना ह्या दोघांची भारी गंमत वाटायची. काहींना लाजही वाटायची, पण ती त्यांची त्यांच्यापाशी.

मग विभागाला नवे साहेब आले. तरुण, चकचकीत बूट, शब्द मोजून बोलणारे. ते आले आणि दुसऱ्याच आठवड्यात एका पोराच्या बापाची लेखी तक्रार आली. पोराच्या गाडीचा नंबर शेवटी एकोणऐंशी होता. पोरगं खिडकीत उभं राहून स्वतःच्या नंबराचा पुकार ऐकत राहिलं, त्याला वाटलं ही एकोणनव्वदची गाडी, आणि डोळ्यांदेखत गाडी उचलली गेली. साहेबांनी भोंग्याला बोलावून घेतलं.

"एकोणऐंशी म्हणजे नक्की किती हो? सेव्हन्टी नाईन की एटी नाईन?"

"ऐंशीला एक कमी, साहेब."

"मग सरळ सात नऊ म्हणायचं ना! लोकांना गणितं कशाला घालता?"

त्यावर भोंग्याने जोडीचं आपलं शास्त्र सांगायला तोंड उघडलं. पण साहेबांनी पुढचंच वाक्य असं टाकलं, की त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "तुमचा आवाज फार चांगला आहे. आपण तो रेकॉर्ड करून घेऊ. ह्यापुढे पालिकेचा आवाज म्हणजे तुमचा आवाज."

झालं. गडी हवेत. घरी येऊन त्याने बायकोला तीनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती इस्त्री केलेला शर्ट त्याच्या हातात देत म्हणाली, "आवाज भरायचाय, फोटो नाही काढायचा." पण शर्ट दिला. साहेबांच्या खोलीत खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, आणि घाम पुसत पुसत भोंग्याने शून्यापासून नऊपर्यंत आकडे म्हटले. दहा शब्द. नऊ म्हणून झाल्यावर तो तसाच थांबला, पुढे दहा, अकरा, बारा म्हणायचं असेल म्हणून.

"झालं," साहेब म्हणाले. "दहात सगळं भागतं."

तेव्हा त्याने बोलायला हवं होतं. नाही बोलला. कौतुकाने माणसाची जीभ जड होते, तशी त्याची झाली.

सोमवारी टोइंगच्या गाडीत त्याच्या जागी एक डबी बसवलेली होती. ड्रायव्हरने नंबर दाबला की डबी भोंग्याच्या आवाजात चार आकडे म्हणायची, तीन वेळा, श्वासही न घेता. पाण्याचा एक घोट घ्यावा एवढ्यात तिन्ही पुकार संपत. जिना उतरणं बंद. भोंग्याला मात्र काढलं नाही, ह्याला दया म्हणू नका. उचललेल्या प्रत्येक गाडीच्या कागदावर 'पुकारणाऱ्याची सही' अशी ओळ होती आणि डबीला सही करता येत नव्हती. म्हणून त्याला उचललेल्या गाड्या ठेवायच्या यार्डाच्या फाटकावर खुर्ची दिली. गाड्या आत यायच्या आणि त्याने न पुकारलेल्या पुकाराखाली तो सही करायचा. आवाज त्याचाच होता, तेव्हा कागदोपत्री खोटं काहीच नव्हतं.

पहिला आठवडा त्याला कसंसंच झालं. मग सवय झाली, आणि सवयीच्या मागून आणखी वाईट काहीतरी आलं. गाडी सोडवायला येणारी माणसं म्हणायची, "अहो, आवाज आला, पण माझा नंबर आहे हे कळलंच नाही." चौदा वर्षं तो जे सांगत आला होता तेच ती सांगत होती. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण हीच माणसं दिवसभर त्याच्या तोंडावर त्याच्या आवाजाला शिव्या द्यायची, आणि आता त्या खुशाल ऐकून घेणं त्याला जमेना. एकदा एक म्हातारे मास्तर हात जोडून हेच म्हणाले, तेव्हा भोंगा खुर्चीतून न उठता म्हणाला, "तीन वेळा पुकारलंय. कान तपासून घ्या."

ड्रायव्हरला हे इतकं आवडलं, की त्याने गाडी थांबवून भोंग्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. त्या दिवसापासून यार्डात तो परवलीचा शब्द झाला. कुणी रडलं, कुणी भांडलं, की आधी भोंगा म्हणायचा, मग सगळे. कान तपासून घ्या. चौदा वर्षांत जो ड्रायव्हर त्याला चहा विचारत नव्हता, तो आता स्वतःहून ग्लास आणून द्यायला लागला.

आता त्या रस्त्याची गोष्ट. शिवणाच्या कारखान्यापुढच्या रस्त्यावर सम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या आणि विषम तारखेला दुसऱ्या. लोक तारीख बघत नाहीत, काल इकडे तर आज तिकडे एवढंच धरून चालतात. पण एकतीस तारीखही विषम आणि एक तारीखही विषम. एकतीस तारखेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा रस्ता चुकीच्या बाजूला सापडायचा, आणि टोइंगची गाडी तो दिवस कधी चुकवायची नाही. भोंगा दर एकतीस तारखेला बायकोला बजावायचा, "उद्यापण तीच बाजू हं." ह्या वेळी तो विसरला. फाटकावर बसून त्याला तारखांशी कर्तव्य उरलं नव्हतं.

एक तारखेला सकाळी बायकोने स्कूटर कालच्या समोरच्या बाजूला लावली आणि आत जाऊन कामाला बसली. अकराच्या सुमाराला रस्त्यावरून आवाज आला. सहा, नऊ, सात, नऊ. सहा, नऊ, सात, नऊ. सहा, नऊ, सात, नऊ. तिने हातातली सुई थांबवली. शेजारच्या बाईला कोपराने ढोसून ती म्हणाली, "ऐक, ऐक, आमच्या ह्यांचा आवाज!" सगळ्या ऐकायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, अगदी रेडिओवर बोलल्यासारखं वाटतं. ती हसली, लाजली, आणि पुन्हा सुई चालवायला लागली. बाहेर साखळी खडखडली तीही तिने ऐकली.

यार्डात गाडी आली तेव्हा भोंगा सह्या करत होता. वरून काय उतरतंय ते त्याने पाहिलंच नाही. उचलणाऱ्यांपैकी एकाने कागद पुढे केला, त्याने नंबर वाचला, एकोणसत्तर एकोणऐंशी असा मनात उच्चारला, आणि मगच मान वर केली. स्कूटर तिरकी उभी होती. जास्तीच्या चाकांपैकी डाव्या चाकाचा दांडा उचलायच्या साखळीच्या आकड्यात सापडून पार आत वळला होता.

"वहिनींची?" ड्रायव्हर म्हणाला. "अरेरे. आम्हाला काय ठाऊक? डबीने पुकारलं, कुणी आलं नाही."

दुपारी दोघी मैत्रिणींच्या खांद्यांवर हात टाकून बायको आली. उचलून घेतलेलं न खपणारी ती बाई त्या दोघींनी साहेबांच्या खोलीच्या तीन पायऱ्यांवरून उचलून नेली. भोंगा मागे मागे गेला. आपण हात द्यावा की देऊ नये, हे तिच्या पाठीकडे बघून त्याला ठरवता येईना.

साहेब चिडले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी नियमावली उघडली. अपंगांच्या गाडीला सूट होती, पण ती आखून दिलेल्या जागेत, आणि त्या रस्त्यावर जागा आखायची राहिली होती. गाडी सोडता येईल, पण दांडा वाकल्यामुळे ती रस्त्यावर चालण्यास अयोग्य ठरते आणि अयोग्य वाहन बाहेर काढता येत नाही. दुरुस्ती यार्डाच्या आत करता येत नाही. टेम्पोत घालून न्यायची तर खासगी टेम्पोला आत प्रवेश नाही. "अर्ज करा," साहेब म्हणाले. "समितीपुढे ठेवू. समिती अजून नेमायची आहे." मग आठवल्यासारखं करून त्यांनी विचारलं, "तीन वेळा पुकारलं होतं, तेव्हा आला का नाहीत बाई?"

"आवाज ऐकला साहेब," ती म्हणाली. "आवाज ओळखला. नंबर माझा आहे हे नाही कळलं. आमच्या घरी तो असा म्हणत नाहीत."

दाराशी ड्रायव्हर आणि उचलणारे दोघे गंमत बघत उभे होते. ड्रायव्हरने भोंग्याकडे पाहिलं, आता तू म्हणतोस की मी, अशा नजरेने. भोंग्याने खाली बघितलं.

"कान तपासून घ्या, वहिनी," ड्रायव्हर म्हणाला.

तिघंही हसले. साहेबांनासुद्धा हसू आलं, ते त्यांनी रुमालात घेतलं. बायकोला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. तेव्हा एकाने मोठ्या आनंदाने तिला समजावून सांगितलं, "ह्यांचंच वाक्य आहे ते! रोज सगळ्यांना म्हणतात."

तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. साहेबांनी कागद पुढे सरकवला, पुकारणाऱ्याची सही राहिली होती. भोंग्याने सही केली. नाही केली असती तर काय झालं असतं, हा विचार त्याला नंतर पुष्कळदा आला. पण त्या वेळी पेन हातात होतं आणि सगळे बघत होते, आणि रोजची सही ती, हात आपोआप चालला.

मैत्रिणींनी तिला घरी सोडलं. स्कूटर फाटकापाशी, बरोबर त्याच्या खुर्चीसमोर, उन्हात उभी राहिली.

संध्याकाळी तो बोळाच्या तोंडाशी आला आणि सवयीने थांबला. गप घरात जावं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, तसं गेलो तर कायमचंच संपलं. त्याने छातीत हवा भरली. "एकोणसत्तर एकोणऐंशी!"

घरातून उत्तर आलं नाही. त्याने डोळे मिटले आणि एक मजला उतरला, वळणावर कठडा धरून. मग पुन्हा पुकारलं. समोरच्या घरातली बाई खिडकीत आली आणि पडदा ओढून आत गेली. तो दुसरा मजला उतरला, नेहमीपेक्षा सावकाश. तिसऱ्यांदा पुकारताना त्याचा आवाज फाटला. त्यानंतरचा मजला त्याने जितका लांबवता येईल तितका लांबवला, एकेका पायरीवर उभा राहिला.

दार उघडंच होतं. आतून ती बोलली, ओरडून नाही, शेजारी बसलेल्याशी बोलावं तशी.

"ऐकू येतंय. कान ठीक आहेत माझे."