आजोबांच्या पथ्याची यादी

परवा फोनवर आजोबांचा आवाज ऐकून तुम्ही म्हणालात, "एकदम ठणठणीत!" म्हणून आता तुमची आजी सांगते. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही विमानाची तिकिटं काढली असती.

त्यांच्या पायाची जखम चिघळली, गुडघ्यापर्यंत सूज चढली, म्हणून त्यांना इथल्याच, बालाघाटच्या दवाखान्यात भरती केलं. शुगर तर जुनीच. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस एखादा पदार्थ बंद केल्याशिवाय परत जात नाही. सुरुवात आजोबांच्या थोरल्या बहिणीने केली. कटंगीहून बसने आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "पाय सुजला न, मंग अंडं बंद. गरम पडते." मग कोणी तुरीचं वरण बंद केलं, कोणी दही, कोणी वांगं. मला तुम्ही ओळखताच. मी सगळे पदार्थ अकारविल्हे लिहून कागद खाटेच्या डोक्याशी चिकटवला.

राहिली पेज आणि दुधी. "मले भूकच नाही," म्हणून तीही अर्धी परत यायची. सहाव्या दिवशी बाथरूमला जायला उठले आणि पाय लटपटून खाटेवरच बसले. मनगटावरचं घड्याळ घसरून पार कोपरापाशी गेलं होतं.

तेवढ्यात राउंडवर आलेल्या डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. "अम्मा, ये सब बंद है, तो चालू क्या है?"

"पंखा चालू हाय, मॅडम," शेजारच्या खाटेवरचे खैरलांजीचे म्हातारबुवा म्हणाले. सगळा वॉर्ड हसला. मी नाही.

बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. अशी सूज अंगात मुरली की भूक मरते, आणि खाणं थांबलं की म्हाताऱ्या शरीरातलं मांस झपाट्याने झडतं. शुगर सांभाळायचीच, पण डाळ-अंडी पोटात गेली नाहीत तर जखम भरणार नाही, आणि कदाचित हे पुन्हा पायांवर उभे राहणार नाहीत. एवढी इंग्रजी पुस्तकं वाचली मी, पण हे डोक्यात आलं नव्हतं. कागद मीच फाडला.

संध्याकाळी उकडलेली अंडी नेली, तर खाटेशी कटंगीच्या नणंदबाई पहाऱ्याला. "काहून वो, माह्या भावाले मारायचं हाय काय तुले?"

डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी सांगितलं. तशी तिने स्वतःच अंडं सोलून भावापुढे धरलं. "खाय."

"मले भूक नाही."

"भुकेले कोन इचारते? तोंड उघड."

तेव्हापासून दर दोन-तीन तासांनी आम्ही दोघी आळीपाळीने काहीतरी भरवत होतो: कधी वरण, कधी दही, कधी अंडं. ते तोंड वाकडं करायचे, पण गिळायचे. चौदाव्या दिवशी सकाळी माझा हात झटकून, भिंत धरत धरत, एकटेच बाथरूमला गेले. आम्ही दोघी दाराला कान लावून उभ्या.

आतून आवाज आला, "तुमी दोघी जा बरं तिकडे. मले लाज वाटते."