सगळ्यांचं समाधान

रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या तुळशीराम मास्तरांचा मला अजून राग येतो, आणि त्यांच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही हेही तितकंच खरं. बाप एका साहेबाचा खानसामा, म्हणून पोर नर्मदेकाठी क्वेकर मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलं. त्या साहेबांच्या सभेत म्हणे मतं मोजत नसत. सगळे गप्प बसत, ज्याला आतून वाटेल तो बोले, आणि एकाचाही विरोध असला तर निर्णय थांबे. मास्तर धर्म बदलून आले नाहीत, ही खोड मात्र घेऊन आले.

विज्ञानाचा तास ते तसाच घेत. मीठ विरघळलं की नाहीसं झालं? पोरं गोल बसून बघत, चाखत, भांडत. शेवटच्या पोराला पटेपर्यंत फळ्यावर अक्षर उमटत नसे. ते शेवटचं पोर बहुधा केसरची शकू असायची. भारी चिकट पोरगी! मास्तरांचा तिच्यावर फार जीव.

तीस सालानंतर वाड्यात पटकी आली. कुठल्या घरात माणूस पडलं, ते घर पाणी कुठून भरतं, हे पोरांनीच विचारून आणलं. बोट बुधाजी पाटलांच्या विहिरीकडे गेलं, आणि या वेळी शकूलाही पटलं.

शाळेत गाव जमला. विहीर बंद करायला सगळे तयार, एकटे बुधाजी अडून बसले. "माज्या आज्यानं खणलेली विहीर हाय. तिला वाईट म्हनू?"

लोक म्हणाले, "मास्तर, तुमी सांगा, आत्ता रहाट काढतो."

"जबरदस्ती नको," मास्तर म्हणाले. "बुधाजींना पटू दे. थांबू."

अरे, पटकी थांबते का कुणासाठी? रोज सभा, रोज मौन. पाणी उकळून प्या, असं मास्तर दारोदार सांगत हिंडले, पण एवढा लाकूडफाटा आणायचा कुठून? आणि काही ठरलं नसताना पाटलांच्या विहिरीकडे पाठ फिरवायची कुणाची छाती होती? बायका तेच पाणी भरत राहिल्या. शकू सकाळी शाळेत होती, दिवेलागणीला पटकीनं गेली.

बुधाजी हादरले. दुसऱ्या दिवशी भर सभेत हात जोडून म्हणाले, "व्हय, करा बंद."

मास्तरांनी सवयीनं विचारलं, "सगळ्यांचं समाधान झालं?"

दाराशी शकूची आई, केसर, उभी होती. "न्हाय," ती म्हणाली. "माजं न्हाय झालं, मास्तर. आता माज्यासाठी थांबा."

कुणी थांबलं नाही. माणसं उठून रहाट काढायला गेली. मास्तर तेवढे जमिनीवर बसून राहिले.

पुढे कितीतरी वर्षं ते केसरच्या दारावरूनच शाळेत जात. समाधान झालं का, हे विचारायची हिंमत त्यांना कधी झाली नाही.