धर्मेंद्र सरांची पूजलेली रायफल

गावात सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही सर म्हणते. नवऱ्याला सर म्हटलं की रागही जरा मापात राहतो. आमचे धर्मेंद्र सर नवापूरला एका शाळेत खेळ शिकवतात. म्हणजे शिट्टी वाजवतात. आयुष्यात एकदाच बंदूक धरली, सारंगखेड्याच्या जत्रेत, फुग्यावर. शेजारचाच फुगा फुटला, तर म्हणाले, "तोच धरला होता."

शाळेला छर्ऱ्याची एक रायफल मिळाली आणि हे नेमबाजीचे प्रशिक्षक झाले. दुसरं होतं कोण? तेव्हापासून चाल अशी, जणू कालच सीमेवरून परतलेत.

नशीब यांचं की सुसाना मिळाली. डोंगरातल्या पाड्यावरच्या दावीदची पोर, नववीतली. बोलणं कमी, पण हात दगडासारखा स्थिर. मागच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या खाचेचा, पेच थोडा थोडा फिरवत, छर्रा कुठे बसतो ते बघत, तिनं ती रायफल अशी लावून घेतली होती की नेम धरला तिथेच छर्रा जायचा. सर तेव्हा खुर्चीत बसून मोबाइल बघायचे.

दसऱ्यानंतर लगेच निवड होती. जिल्ह्यातून एकच मुलगी घेणार आणि नाशिकला खेळाडूंच्या वसतिगृहात ठेवणार. निवड नाही झाली तर दावीद तिला घेऊन गुजरातेत ऊसतोडीला निघणार होता. तो स्वतः दारात येऊन मला म्हणाला, "ताई, मागे कोणाच्या भरवशावर ठेवू तिला?"

आणि आमच्या सरांनी काय करावं? रायफल पूजेला घरी आणली! खंडेनवमीला पाटावर मांडली. हळद, कुंकू, झेंडूची माळ, आणि नाड्याची गाठ नेमकी मागच्या साइटवर. मग फोटो काढायला पाट ओढला तर रायफल धाडकन फरशीवर. साइट सरकली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. यांनी माझ्या शिलाई मशीनचा पेचकस आणला, पेच इकडे फिरवला, तिकडे फिरवला, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "झाली सरळ."

"अहो, त्या पोरीला सांगा तरी."

"तिला काय कळतंय? आणि पूजलेल्या शस्त्राला आता कोणी हात लावायचा नाही."

अस्सा संताप आला मला! निवडीच्या दिवशी मुद्दाम बरोबर गेले.

सामन्याआधी सरावाचे छर्रे मारू देतात. सुसानाचे सगळे खाली डावीकडे गेले, पण एका रुपयाखाली झाकतील इतके जवळजवळ. तिनं पेचाकडे हात नेला तसे हे खेकसले, "खबरदार! साइटला हात लावायचा नाही. घाबरलीस तू, डोळा मिटतेस." वर परीक्षकांकडे बघून हसले, "डोंगरातली पोरं, काय करणार!"

पोरीनं हात मागे घेतला. सरांचं ऐकायचं असतं ना! तिचे डोळे भरून आले. आता भरल्या डोळ्यांनी कसला नेम धरणार ती?

मला राहवेना. डोकं फिरलं की माझ्या तोंडी अहिराणीच येते. भर मांडवात ओरडले, "पोरना डोया चांगला शे! पेच तुम्हीन फिरायेल शे, मन्हा समोर! रायफल कोनी पाडी, सांगू का?"

सर शिट्टी शोधायला लागले. परीक्षक सुसानाला म्हणाले, "वेळ आहे अजून, लाव तुझी साइट." तिनं ओढणीनं डोळे पुसले, त्याच ओढणीनं खाचेतलं कुंकू पुसलं, नाडा तोडला. साइट जरा वर घेतली, जरा उजवीकडे. छर्रा मारला, बघितलं, पुन्हा पेच फिरवला. आणि मग सामन्यात काळ्या ठिपक्याची चाळण केली पोरीनं. निवड तिचीच झाली.

शाळेत सत्कार ठेवला. सुसानाच्या आधी सरांनीच हार घालून घेतला आणि माइक धरला. शस्त्राची मनोभावे पूजा केली की शस्त्र पावतं, मी दिवसरात्र घासून घेतलं हिला, वगैरे वगैरे. निर्लज्जपणाला काही सीमा? मी पहिल्या रांगेत दात-ओठ खात बसले होते. शेवटी यांनी माइक सुसानापुढे धरला, "सांग बाळा, सरांनी काय शिकवलं?"

सुसाना खाली बघत होती. मग तिनं मान वर केली.

"सर म्हणाले होते, साइटला हात लावू नको," ती म्हणाली. "मी लावला."